२४ किलोवॅटचा बॉयलर आणि गार पडलेला हॉल

आमचं घर गॅसच्या बॉयलरवर तापतं: तो पाणी गरम करतो आणि ते नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. हॉलमधला जुना रेडिएटर खालच्या कडेला गंजून पाझरायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. आधी नुसता ओला डाग दिसायचा. मग खाली फडकं ठेवायला लागलो आणि ते रोज पिळायला लागलो. बॉयलरवरचा दाबाचा काटा दर दोन-तीन दिवसांनी एक बारच्या खाली यायचा. आम्ही भरायचा व्हॉल्व्ह उघडून पाणी आत सोडायचो आणि काटा पुन्हा सव्वावर आणायचो. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि उरलेले रेडिएटरही आतून गंजायला लागतात, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी असं चाललं असेल त्यांनी पाणी भरत बसू नये, गळती आधी थांबवावी.

हिवाळा सरल्यावर रेडिएटर बदलायचा ठरला. जुना होता खिडकीखाली, ६०० मिमी उंच, १६०० मिमी लांब, एकाच पत्र्याचा. त्याची क्षमता साधारण १,६०० वॅट होती. नवीन घेताना मी एकच गोष्ट पाहिली, की आकडा जुन्यापेक्षा कमी नको. मला आवडला तो उभ्या नळ्यांचा, उंच आणि अरुंद. भिंतीची जागा वाचत होती, खिडकीखाली सासूबाईंची खुर्ची बसणार होती. पत्रकावर लिहिलं होतं ६,४८० बीटीयू, म्हणजे उष्णतेचं ब्रिटिश एकक. एक वॅट म्हणजे तासाला ३.४१२ बीटीयू, म्हणून भागून पाहिलं तर १,९०० वॅट निघाले. जुन्यापेक्षा ३०० जास्त. मी निश्चिंत झाले.

त्याच उन्हाळ्यात बॉयलरची वार्षिक तपासणी झाली. आलेल्या तंत्रज्ञाने सांगितलं, तुमचा बॉयलर कंडेन्सिंग आहे, म्हणजे धुरातली उष्णताही परत मिळवणारा, त्याला ७५ अंशांवर पळवणं म्हणजे गॅस वाया घालवणं. त्याने बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वरून ५५ वर आणलं. सल्ला अगदी बरोबर होता. रेडिएटर घेणंही, माझ्या हिशोबाने, बरोबर होतं. दोन्ही एकाच उन्हाळ्यात झालं आणि थंडी सुरू होईपर्यंत दोन्ही विसरायलाही झालं.

थंडी पडली तेव्हा बाहेर शून्य अंश असताना हॉलमध्ये साडेसतरा अंशांच्या वर काटा सरकेना. दिवसभर बॉयलर चालू, थर्मोस्टॅट वीसवर, आणि सासूबाई शालीवर शाल घेऊन बसलेल्या. "अगं, हा नवा दिसायला छान आहे, पण जवळ हात नेला तरच कळतं की चालू आहे," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. वरच्या भागाला हात लावला तर कोमट, खाली त्याहून कमी.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत निकाल दिला: बॉयलर कमी पडतोय, ३२ किलोवॅटचा घ्या. मी जवळजवळ हो म्हणाले होते. मला थांबवलं ते बॉयलरच्या आवाजाने. रात्री घर शांत झालं की तो पेटल्याचा आवाज यायचा, मग दोन मिनिटांनी बंद, मग थोड्या वेळाने पुन्हा पेटायचा. एका रात्री मी कागद-पेन घेऊन बसले आणि तासाभरात अकरा वेळा पेटलेला मोजला. काम ज्याला झेपत नाही तो मधेमधे विश्रांतीला बसू शकत नाही, त्याला एकसारखं राबावंच लागतं. आमचा बॉयलर तर दर थोड्या वेळाने हात झटकून मोकळा होत होता. मग तो लहान कसा? मोठा बॉयलर आणला असता तर तो याहूनही लवकर थांबला असता.

दुसऱ्या दिवशी मी नव्या रेडिएटरचं पत्रक पुन्हा काढलं आणि खालची बारीक ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं: डेल्टा टी ६०.

या तीन शब्दांवर सगळं अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. रेडिएटरला स्वतःची अशी उष्णता नसते. तो किती वॅट देईल हे त्यातलं पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरतं. जाणारं पाणी आणि परत येणारं पाणी यांच्या तापमानाची सरासरी काढायची, त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. जो फरक उरतो तो डेल्टा टी. युरोपातलं ईएन ४४२ हे मानक सांगतं की जाणारं पाणी ७५, परतीचं ६५ आणि खोली २० धरून क्षमता मोजा. सरासरी ७०, वजा २०, म्हणजे ५०. म्हणून आजच्या बहुतेक पत्रकांत आकडा डेल्टा टी ५० चा असतो. पण काही पत्रकं अजून ६० चा आकडा छापतात. तेव्हा पाण्याची सरासरी ८० अंश धरलेली असते आणि तोच रेडिएटर कागदावर जास्त ताकदवान दिसतो. आकडा खोटा नसतो, पण तो ज्या पाण्यासाठी आहे ते पाणी आपल्या नळ्यांत नसतं.

फरक कमी झाला की उष्णता सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्याहून वेगाने घसरते. पॅनेल रेडिएटरसाठी फरकाच्या गुणोत्तराचा १.३ वा घात धरतात. ५० ला पूर्ण एक मानलं तर ६० ला १.२७, ४० ला ०.७५ आणि ३० ला जेमतेम ०.५१. हे चार आकडे मी एका चिठ्ठीवर लिहिले आणि ती चिठ्ठी पुढे वर्षभर माझ्या पर्समध्ये होती.

आता आमचा हॉल. पत्रकातले १,९०० वॅट डेल्टा टी ५० वर आणले तर १,५०० झाले. म्हणजे तो जुन्यापेक्षा मोठा नव्हताच, थोडा लहान होता. त्यात आमचं पाणी जाताना ५५, येताना ४५. सरासरी ५०, खोली २०, फरक ३०. १,५०० चे झाले साधारण ७७०. मी १,९०० समजून आणलेला रेडिएटर आम्हाला ७७० वॅट देत होता. जुनाही त्या तापमानाला ८२० च देऊ शकला असता. तो इतकी वर्षं पुरला कारण त्याला ७५ अंशांचं पाणी मिळत होतं.

त्या हिवाळ्यापुरता उपाय सोपा होता. मी जाणारं पाणी ७० अंशांवर नेलं. सरासरी ६५, फरक ४५, रेडिएटर सुमारे १,३०० वॅटवर गेला आणि दोन दिवसांत हॉल विसावर आला. ज्यांना खर्चात पडायचं नाही त्यांनी इथेच थांबलं तरी काही बिघडत नाही; घर उबदार राहतं. पण मला ५५ वर परत जायचं होतं, आणि त्याचं कारण बॉयलरखालच्या एका पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीत होतं.

कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णता परत मिळवतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ही सगळी वाफ थिजवता आली तर मिळणारी उष्णता सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. पण वाफ थिजायला परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असावं लागतं, आणि जितकं थंड तितकं चांगलं. ही नळी म्हणजे त्या पाण्याचा निचरा. जाणारं पाणी ७० वर असताना मी तिच्याखाली भांडं धरून पाहिलं: थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. आदल्या महिन्यात, ५५ वर असताना, तिथून बारीक धार लागायची. ती धार म्हणजे धुरांड्यातून बाहेर जाणारी उष्णता घरात राहिल्याची खूण होती. ती पुन्हा पाहायची असं मी ठरवलं.

त्यासाठी आधी घर मोजायला हवं होतं. एका रविवारी मुलगी आणि मी टेप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. ती आकडे लिहायची, मी भिंतीला टेप लावायचे. हिशोबाची रीत साधी आहे. बाहेरच्या हवेला लागून असलेला प्रत्येक पृष्ठभाग घ्यायचा, त्याचं क्षेत्रफळ, त्याचा यू-मूल्य हा उष्णता गळण्याचा आकडा आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक यांचा गुणाकार करायचा. मग खोलीत फटींतून येणाऱ्या थंड हवेचा हिशोब जोडायचा: खोलीचं घनफळ, तासाला हवा किती वेळा बदलते तो आकडा, तापमानाचा फरक आणि ०.३३ यांचा गुणाकार.

हॉल पाच बाय चार मीटर, उंची अडीच. बाहेरच्या दोन भिंती, त्यात २.४ बाय १.३ मीटरची दुहेरी काचेची खिडकी. बाहेर उणे ५ आणि आत २०, म्हणजे २५ अंशांचा फरक धरला. खिडकी वजा करून भिंत उरली १९.४ चौरस मीटर. पोकळीत इन्सुलेशन भरलेल्या भिंतीला यू ०.६ धरला, २९० वॅट. खिडकीला २.८ धरला, सव्वातीन चौरस मीटरही नसलेली ती खिडकी एकटी २२० वॅट घेत होती. जमिनीतून ३००. वर गरम खोली असल्यामुळे छतातून काही नाही. हवेचे, तासाला एकदा बदल धरून, ४१०. एकूण १,२२०. सकाळी थंड खोली लवकर तापावी म्हणून वर पंधरा टक्के ठेवले आणि १,४०० हा आकडा हॉलपुढे लिहिला. मुलीने त्याभोवती चौकोन काढला.

मला सगळ्यात धक्का देणारा आकडा हवेचा होता. ४१० वॅट, भिंतींपेक्षाही जास्त. त्याच संध्याकाळी आम्ही खिडकीच्या चौकटीची जुनी रबरी पट्टी आणि दाराखालची फट पाहिली. रेडिएटर मोठा घेण्याआधी फट बुजवावी, हे मी कुणालाही ठासून सांगेन. ती पट्टी बदलणं हे या सगळ्या कामातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर जाणवलेलं काम होतं.

बाकीच्या खोल्या भराभर झाल्या. स्वयंपाकघर ६००, मोठ्या दोन बेडरूम ६५० आणि ७००, मुलीची खोली ४५०, बाथरूम ३५०, जिन्याजवळचा पॅसेज ७००. हॉलचे मूळ १,२२० धरून सगळी बेरीज ४,६७० वॅट. उणे पाच अंशांच्या रात्री आमच्या घराला लागत होते पाच किलोवॅटपेक्षाही कमी, आणि भिंतीवर टांगलेला होता २४ किलोवॅटचा बॉयलर.

मग २४ कशासाठी? नळासाठी. हा बॉयलर अंघोळीचं पाणीही वाहतं असतानाच तापवतो. मिनिटाला दहा लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला जवळपास २४ किलोवॅट लागतात. पुढच्या झाकणावरचा तो मोठा आकडा शॉवरचा आहे, रेडिएटरचा नव्हे. मी सुरुवातीपासून रेडिएटरांची बेरीज त्या आकड्याशी जुळवायला बघत होते आणि दुरुस्तीवालाही तेच करत होता. माहितीपुस्तिकेत खरा उपयोगाचा आकडा दुसऱ्याच पानावर होता: हीटिंगसाठी किमान ५ किलोवॅट. बॉयलरची ज्योत त्याखाली बारीक होत नाही.

आता रात्रीचे ते अकरा आवाज समजले. घरातल्या सात रेडिएटरांची डेल्टा टी ५० ची बेरीज ६,७५० वॅट होती. आमच्या फरकाला, म्हणजे ३० ला, ते सगळे मिळून साडेतीन किलोवॅट देऊ शकत होते. बॉयलर ५ च्या खाली येऊ शकत नव्हता. दीड किलोवॅटला जायला जागाच नव्हती, मग पाणी तापत तापत ठरवलेल्या तापमानाच्या वर जायचं, बॉयलर थांबायचा, पाणी निवलं की पुन्हा पेटायचा. एकाच वेळी खोली गार आणि बॉयलर बेचैन, दोन्हीचं कारण एकच: रेडिएटर लहान होते. मोठा बॉयलर घेतला असता तर त्याची किमान ज्योत कदाचित आणखी मोठी असती आणि हाच त्रास वाढला असता.

त्यानंतर मी जुळवाजुळवीचा क्रम बदलला. आधी पाण्याचं तापमान ठरवलं: कडाक्याच्या रात्रीसाठी ५५ जाताना, ४५ येताना. मग प्रत्येक खोलीची गरज ०.५१ ने भागली आणि जो आकडा आला तो पत्रकात डेल्टा टी ५० खाली शोधला. हॉलच्या १,४०० ला हवा होता सुमारे २,७५० चा रेडिएटर. पॅनेल रेडिएटरच्या प्रकाराचे आकडे वाचायला सोपे असतात: पहिला अंक पत्र्यांचा, दुसरा मधल्या नागमोडी पट्ट्यांच्या थरांचा. ११ म्हणजे एक पत्रा, एक थर. २२ म्हणजे दोन पत्रे, दोन थर. ३३ तीन-तीन. एक मीटर लांब आणि ६०० मिमी उंच घेतला तर ११ साधारण १,००० वॅट देतो आणि २२ साधारण १,७५० वॅट. हॉलच्या खिडकीखाली १६०० मिमीचा २२ बरोबर बसत होता, २,८०० वॅट. ज्या जागेवरून आम्ही जुना काढला होता तिथेच, तेवढ्याच लांबीचा.

स्वयंपाकघर आणि दोन बेडरूममध्येही ११ जाऊन त्याच लांबीचा २२ आला. लांबी तीच ठेवण्यात मोठी सोय आहे: दोन्ही टोकांच्या नळ्या जागेवर राहतात, फरशी उकरावी लागत नाही. फक्त २२ भिंतीपासून जास्त पुढे येतो, म्हणून नळीचं टोक आणि व्हॉल्व्हचं तोंड एका रेषेत येतं का ते ब्रॅकेटच्या मापावर आधी तपासावं. आमच्या एका बेडरूममध्ये दोन सेंटिमीटरचा फरक पडत होता. ब्रॅकेट उलटा लावल्यावर अंतर जुळलं. मुलीच्या खोलीतला ८०० वॅटचा रेडिएटर आमच्या तापमानाला साधारण ४१० देतो, ४५० च्या गरजेच्या जवळ, म्हणून तो तसाच ठेवला. हॉलमधला उंच, उभ्या नळ्यांचा आम्ही टाकला नाही. ५५ अंशांना तो ७७० देतो आणि पॅसेजला हवे होते ७००. तो पॅसेजमध्ये जिन्याशेजारी हलवला. उंच रेडिएटर पाण्याने भरल्यावर बराच जड होतो, म्हणून त्याच्यासाठी पोकळ पार्टिशन सोडून विटांची भिंत निवडली. तिथे नळ्या थोड्या वळवाव्या लागल्या.

सगळी नवी बेरीज झाली १०,४५० वॅट, फरक ३० धरला तर ५.४ किलोवॅट. बॉयलरच्या किमान ५ पेक्षा थोडी वर. तो आकडा कागदावर उमटला तेव्हा मी नवऱ्याला उठवून दाखवला, रात्रीचे साडेबारा वाजले होते.

जुने रेडिएटर उतरवताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, खाली बसकी ताटली ठेवली आणि पान्याने नट सैल केला. पहिलं पाणी चहासारखं आलं. मग शाईसारखं काळं. रेडिएटर तिरपा केला तेव्हा तळातून दाट काळा चिखल घरंगळला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचं चुंबक पिशवीत घालून मी त्या बादलीत बुडवलं. बाहेर काढलं तर त्याला काळं मऊ केसाळ काहीतरी चिकटलं होतं. तो गंजच, लोखंडाचा काळा ऑक्साइड. आधीच्या हिवाळ्यात बेडरूमचा रेडिएटर वर गरम आणि तळाला मध्यभागी गार लागायचा, तो या चिखलामुळे. नवे रेडिएटर लावण्याआधी सगळ्या नळ्या स्वच्छ पाण्याने धुवून घेतल्या, परतीच्या नळीवर चुंबकी फिल्टर बसवला आणि पाण्यात गंजरोधक रसायन घातलं. यातलं काहीही टाळू नये. नव्या रेडिएटरमध्ये जुना चिखल गेला की वर्षभरात तो पुन्हा तळाला गार होतो.

गॅसच्या भागाला आम्ही हात लावला नाही. परवानाधारक तंत्रज्ञ आला आणि त्याने बॉयलरच्या आतल्या मेनूमधून हीटिंगची कमाल ताकद २४ वरून ९ किलोवॅटवर आणली. नळाच्या पाण्यासाठी २४ तशीच राहिली. शॉवरमध्ये काही फरक पडला नाही. पेटल्याबरोबर जोरात भडकून पाणी एकदम उकळीकडे नेण्याची बॉयलरची सवय मात्र गेली.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो समतोल साधायला. पंपाला सोपी वाट दिसली की पाणी तिकडेच धावतं. बॉयलरच्या शेजारच्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरला भरपूर मिळतं, लांबच्या बेडरूमला उरलंसुरलं. एक किलोवॅट उष्णता १० अंशांच्या फरकाने पोचवायला तासाला ८६ लिटर पाणी लागतं. फरक २० असेल तर निम्मं. म्हणजे हॉलला तासाला १२० लिटर हवे होते, सगळ्या रेडिएटरांच्या ५.४ किलोवॅटला सुमारे ४६०. हे वाटप करायचं ते रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाच्या, प्लास्टिकच्या टोपीखालच्या व्हॉल्व्हने. खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघडमीट करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या डोक्याचा तो नव्हे, त्याच्या समोरचा.

मी दोन चिमट्याचे थर्मामीटर आणले, एक जाणाऱ्या नळीला, एक परतीच्या. सगळी थर्मोस्टॅटिक डोकी पूर्ण उघडी, सगळी दारं उघडी. पहिल्या फेरीत स्वयंपाकघरात फरक ३ अंश, हॉलमध्ये ८, लांबच्या बेडरूममध्ये १९. स्वयंपाकघराचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि पाव वळसा उघडला. मग थांबायचं. इथेच घाई नडते. नळीचं तापमान स्थिरावायला वीस मिनिटं, कधी अर्धा तास जातो आणि एक व्हॉल्व्ह फिरवला की बाकी सहाही थोडे हलतात. मी एका शनिवारी सकाळी सुरू केलं आणि रविवारी दुपारी संपवलं. तिसऱ्या फेरीला स्वयंपाकघर ९, हॉल १०, बेडरूम १२ असं आलं. लांबच्या बेडरूमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पॅसेजचा सव्वा वळसा, स्वयंपाकघराचा पाव वळशाहून किंचित जास्त. शेवटच्या फेरीनंतर वरच्या मजल्यावर पाण्याचा जो खळखळ आवाज वर्षानुवर्षं येत होता तो आलाच नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

बाथरूमचं काम अजून राहिलंय. तिथे टॉवेल वाळवायची चकचकीत क्रोमची जाळी आहे, पत्रकात ४५० वॅट, आमच्या तापमानाला २३०. क्रोमचा मुलामा पांढऱ्या रंगापेक्षा उष्णता कमी फेकतो, शिवाय तिच्यावर कायम दोन ओले टॉवेल. गरज ३५० ची. पुढच्या उन्हाळ्यात तिथे पांढरी, मोठी जाळी लावायची आहे. तोवर अंघोळीआधी दार उघडं ठेवतो.

गेल्या महिन्यात एका रात्री बाहेर उणे सहा झालं. मी जाणारं पाणी ५५ वरच ठेवलं, हिशोब उणे पाचाचा होता तरी. साडेदहाला हॉलमध्ये २० होते. सासूबाईंची खुर्ची आता खिडकीपासून दूर आहे, कारण खिडकीखाली रेडिएटर परत आलाय, आणि त्याबद्दल त्यांनी काही तक्रार केलेली नाही. शाल खुर्चीच्या पाठीवर होती. मी तासभर बॉयलरपाशी बसले. तो एकदाच पेटला आणि माझा तास संपेपर्यंत चालूच राहिला. खालच्या पांढऱ्या नळीतून भांड्यात बारीक, न तुटणारी धार पडत होती. थंडी सौम्य असते तेव्हा तो अजूनही थांबत-पेटत चालतो, कारण घराला तेव्हा दोन-तीनच किलोवॅट लागतात आणि त्याची ज्योत पाचाच्या खाली जात नाही. पण ते तासाला तीन-चार वेळा, अकरा नाही.

बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. त्यावर सात रेडिएटरांची नावं, प्रत्येकाची डेल्टा टी ५० ची क्षमता, खोलीची गरज आणि त्या टोपीखालच्या व्हॉल्व्हचे वळसे आहेत. शेवटच्या रकान्यात मुलीने पेन्सिलीने लिहिलंय: बाथरूम – बाकी.